धूर, संज्ञा आणि क्रम : प्रवासी विमानांतील धुराच्या उपाययोजनेचा इतिहास

न्यायशास्त्राचे प्राथमिक पाठ घेतलेल्या प्रत्येकास डोंगरावरचा धूर परिचित असतो. दुरून धूर दिसतो आणि त्यावरून डोंगरावर अग्नी आहे असे अनुमान होते. डोंगर हा पक्ष, अग्नी हे साध्य, धूर हा हेतू. ह्या उदाहरणात एक गोष्ट गृहीत धरलेली असते व तिचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. अनुमान करणारा मनुष्य डोंगरापासून दूर उभा असतो. त्याचे अनुमान चुकले तरी त्याच्या जिवास धोका नसतो आणि त्याला विचारास हवा तेवढा वेळ मिळतो. प्रवासी विमानाचा वैमानिक मात्र त्या डोंगरावरच बसलेला असतो. ज्या धुरावरून अनुमान करावयाचे तोच धूर त्याच्या डोळ्यांत व फुप्फुसांत शिरत असतो, आणि अनुमानास लागणारा प्रत्येक क्षण तो अग्नीला देत असतो.

त्याच शास्त्राने ह्या अनुमानाच्या मर्यादाही सांगून ठेवल्या आहेत. वाफेला धूर समजल्यास हेतूच असिद्ध ठरतो. आणि धूर असला की अग्नी असतो हे खरे मानले, तरी धूर नाही म्हणून अग्नी नाही असे मात्र म्हणता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो. हे दोन्ही अपवाद विमानात घडतात. दमट हवेच्या प्रदेशात वातानुकूलन यंत्रातून निघणारे धुके पाहून प्रवासी घाबरतात, ही नित्याची बाब आहे. दुसऱ्या अपवादाने मात्र माणसे मेली आहेत. विमानात धूर दिसल्यावर काय करावे ह्याविषयीच्या नियमांचा सुमारे साठ वर्षांचा इतिहास पाहू गेल्यास असे दिसते की, यंत्रे आणि उपकरणे ह्यांच्याइतकाच हा इतिहास शब्दांचा व शब्दांच्या क्रमाचा आहे. धुराला नाव आधी द्यावयाचे की विमान आधी खाली आणावयाचे, हा त्यातील मुख्य प्रश्न होय.

ह्या इतिहासाचा प्रारंभ डग्लस डीसी-६ ह्या विमानापासून करणे सोयीचे आहे. २४ ऑक्टोबर १९४७ रोजी युनायटेड एअरलाइन्सचे ह्या जातीचे एक विमान अमेरिकेतील यूटा राज्यात ब्राइस कॅन्यनजवळ कोसळले आणि त्यातील सर्व ५२ माणसे मृत्युमुखी पडली. सामानाच्या कप्प्यात आग लागल्याचे वैमानिकाने बिनतारी संदेशाने कळविले होते व जवळच्या धावपट्टीकडे तो विमान नेत होता; ती थोडक्यात राहिली. पुढे तीनच आठवड्यांनी अमेरिकन एअरलाइन्सच्या दुसऱ्या डीसी-६ मध्ये तशीच आग लागली. ते विमान न्यू मेक्सिकोतील गॅलप येथे सुखरूप उतरले, आणि त्यामुळे कारण हाती आले. एका टाकीतून दुसऱ्या टाकीत इंधन नेताना ते भरून वाहत असे आणि वाहून गेलेले इंधन विमानाच्या अंगावरून घरंगळत केबिन गरम करणाऱ्या यंत्राच्या हवा घेणाऱ्या तोंडात ओढले जात असे. सर्व डीसी-६ विमाने काही महिने जमिनीवर ठेवून दुरुस्त करण्यात आली. सामानाच्या कप्प्यात धूर ओळखणारी यंत्रणा व आग विझविण्यासाठी कार्बन डायऑक्साइडची नळकांडी होतीच. आता त्यांच्या वापराकडे अधिक लक्ष गेले.

१७ जून १९४८ रोजी युनायटेडच्याच एका डीसी-६ मध्ये पुढील कप्प्यात आग असल्याची सूचना मिळाली. वस्तुतः तेथे आग नव्हती. वैमानिकांनी नियमाप्रमाणे कार्बन डायऑक्साइड सोडला. परंतु तो वायू बाहेर जाण्यासाठी केबिनमधील दाब कमी करणाऱ्या झडपा उघडावयाच्या असतात, त्या उघडल्या गेल्या नाहीत. वायू वैमानिकांच्या कक्षात शिरला, त्यांची शुद्ध हरपली आणि पेन्सिल्व्हेनियातील माउंट कार्मेल येथे विमान कोसळून ४३ जण ठार झाले. ज्या आगीने हे विमान पडले ती आग नव्हतीच. त्यांना मारले ते औषधाने. विमानातील बंद हवेत प्रत्येक उपाय हा स्वतःच एक वायू असतो, आणि दोन कृतींपैकी एक विसरली तर उरलेली कृती घातक होते, ही गोष्ट ह्या अपघाताने प्रथम स्पष्ट केली. पुढे चेकलिस्ट, म्हणजे संकटसमयी मोठ्याने वाचून एकेक ओळ पार पाडावयाची कृतींची यादी, हिला जे महत्त्व आले त्याच्या मुळाशी असे अनुभव आहेत.

ह्यानंतरचा एक प्रसंग महाराष्ट्राच्या निकटचा आहे, जरी तो घडला दक्षिण चिनी समुद्रावर. बांडुंग परिषदेसाठी निघालेल्या प्रतिनिधींना व पत्रकारांना घेऊन एअर इंडियाचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान ११ एप्रिल १९५५ रोजी हाँगकाँगहून जाकार्ताकडे जात होते. विमानात ठेवलेल्या बॉम्बचा स्फोट होऊन उजव्या पंखात आग लागली व केबिनमध्ये धूर आला. मुख्य वैमानिक दामोदर काशिनाथ जटार ह्यांनी एक एंजिन बंद केले, संकटसंदेश गेले, प्रवाशांना जीवरक्षक जाकिटे देण्यात आली, आणि विमान समुद्रावर उतरविण्याचा प्रयत्न झाला. धुराने कक्ष भरत असताना हे सर्व करावे लागले. १९ जणांपैकी १६ जण गेले. सहवैमानिक दीक्षित, मार्गनिर्देशक पाठक आणि विमान-अभियंते अनंत श्रीधर कर्णिक हे तिघे वाचले. कर्णिकांनी पुढे ह्या प्रवासाची हकीकत ग्रंथरूपाने लिहिली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ह्या घटनेतील लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, येथे संशयाला जागाच नव्हती. स्फोट ऐकू आला होता, ज्वाळा दिसत होत्या. धूर हे अनुमानाचे साधन राहिले नाही, म्हणून खाली जाण्याचा निर्णय विलंबाविना झाला. शोकान्तिका टळली नाही ती अन्य कारणांनी. ह्यापुढील अपघातांत मात्र धूर आला तो आवाज न करता.

११ जुलै १९७३ रोजी ब्राझीलच्या व्हारिग कंपनीचे बोइंग ७०७ विमान रिओ दे जानेरोहून पॅरिसला पोहोचत असता मागील बाजूच्या स्वच्छतागृहात आग लागली. तेथील कचऱ्याच्या पेटीत पडलेली जळती सिगारेट हे त्याचे संभाव्य कारण मानले गेले. धूर इतका दाटला की वैमानिकांना समोरची उपकरणे दिसेनात. कक्षाच्या बाजूच्या खिडक्या उघडून, बाहेर पाहत त्यांनी ओर्ली विमानतळाच्या अलीकडे सुमारे पाच किलोमीटरवर एका शेतात विमान उतरविले. विमान जमिनीवर आले, पण तोपर्यंत केबिनमधील बहुतेक माणसे गुदमरलेली होती. १३४ पैकी १२३ मरण पावली; वाचलेल्या ११ जणांत प्रवासी एकच होता.

धूर हा केवळ अग्नीचा सूचक आहे, ही कल्पना येथे मोडली. केबिनमधील फोम, प्लास्टिक व कापड जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे वायू निर्माण होतात, आणि ज्वाळा पोहोचण्यापूर्वीच ते माणसाला निश्चेष्ट करतात. अशा वेळी प्रवाशांच्या डोक्यावरचे प्राणवायूचे मुखवटे खाली का सोडत नाहीत, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. ते मुखवटे केबिनमधील हवेत प्राणवायू मिसळून देतात. हवेचा दाब कमी झाल्यास त्यांचा उपयोग आहे, परंतु हवा विषारी झाल्यास ते तीच हवा नाकाशी आणतात. वैमानिकांचे मुखवटे निराळे असतात. त्यांतून शुद्ध प्राणवायू मिळतो व डोळ्यांवर चष्मा बसतो.

व्हारिगच्या अपघातानंतर अमेरिकन नियामकांनी १९७४ मध्ये काढलेल्या आदेशात दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या. स्वच्छतागृहात धूम्रपानास मनाई करणारी पाटी लावावी, आणि त्याच्या दाराशी राखदाणीही असावी. धूम्रपान विमानांतून सर्वत्र हद्दपार झाल्यावरही ही राखदाणी राहिली आहे. निषेधाचे वाक्य आणि त्या निषेधाचा भंग होणारच हे गृहीत धरणारी वस्तू, अशी ही जोडी मानवी भाषाव्यवहाराच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारी आहे.

ह्यानंतरच्या रियाध येथील घटनेचा उल्लेख येथे थोडक्यातच करावयाचा आहे. १९ ऑगस्ट १९८० रोजी सौदियाच्या ट्रायस्टार विमानात उड्डाणानंतर काही मिनिटांतच मागील सामानकक्षात धूर असल्याची सूचना झाली. ती खरी आहे की नाही ह्याची खात्री करण्यात चार मिनिटांहून अधिक वेळ गेला. विमान परत फिरले व सुखरूप उतरलेही. परंतु उतरल्यावर ते लगेच थांबविले गेले नाही, दारे उघडली गेली नाहीत, आणि आतील सर्व ३०१ माणसे जमिनीवरच मरण पावली.

सर्वांत अधिक विचार करावयास लावणारा अपघात म्हणजे २ जून १९८३ रोजी घडलेला एअर कॅनडाचा होय. डीसी-९ जातीचे हे विमान डॅलसहून टोरंटोकडे चालले होते. त्यात ४६ माणसे होती. संध्याकाळी सातच्या सुमारास मागील स्वच्छतागृहातील विजेचे तीन सर्किट ब्रेकर उडाले. मुख्य वैमानिकाने ते पुन्हा लावून पाहिले. ते लागले नाहीत. असे पूर्वीही घडत असे, त्यामुळे त्यात कोणास विशेष वाटले नाही. काही मिनिटांनी एका प्रवाशाला चमत्कारिक वास आला. विमानसेविकेने स्वच्छतागृहाचे दार उघडले तेव्हा आत करड्या रंगाचा हलका धूर होता, ज्वाळा नव्हत्या. प्रमुख विमानसेवकाने आत कार्बन डायऑक्साइड सोडला व दार बंद केले.

सातला सुमारे अडीच मिनिटे झाली असता मुख्य वैमानिकाला स्वच्छतागृहात आग असल्याचे सांगण्यात आले. सहवैमानिक पाहावयास गेला, परंतु धुरामुळे त्याला मागे पोहोचता आले नाही व तो चष्मा घेण्यासाठी परतला. दरम्यान मागून येणारे निरोप आशादायक होते : वायू सोडला आहे, धूर कमी होत आहे, काळजीचे कारण दिसत नाही. हे निरोप देणारांनी खोटे काही सांगितले नाही. धूर खरोखरच विरळ झाला होता. परंतु आग होती ती भिंतीच्या मागे, जेथे वायू पोहोचला नव्हता. धूर कमी झाला म्हणून अग्नीही कमी झाला असे समजणे म्हणजे लोखंडी गोळ्याच्या उदाहरणाकडे पाठ फिरविणे होय. सहवैमानिक दुसऱ्यांदा मागे गेला, दाराला हात लावताच ते तापलेले आढळले, आणि परतल्यावर त्याने खाली जावे असे सुचविले. पहिल्या निरोपापासून सुमारे साडेपाच मिनिटांनी ‘मेडे’ हा संकटसंदेश गेला. वीज गेली, कक्ष धुराने भरला, तरीही सात वाजून वीस मिनिटांनी विमान सिनसिनाटी येथील धावपट्टीवर उतरविण्यात आले. हे कौशल्य अलौकिक होते असेच म्हटले पाहिजे. दारे उघडल्यावर सुमारे साठ ते नव्वद सेकंदांत, आत आलेल्या ताज्या हवेमुळे, संपूर्ण केबिन एकदम पेटली. पाचही कर्मचारी आणि १८ प्रवासी बाहेर पडले होते. २३ प्रवासी आतच राहिले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९८४ मध्ये ह्या अपघाताचा अहवाल दिला. आगीचे मूळ निश्चित झाले नाही. तिच्या तीव्रतेचा अंदाज कमी केला गेला. आणि वैमानिकाला मिळालेली माहिती परस्परविसंगत होती, असे मंडळाने म्हटले. शिवाय खाली उतरण्याचा निर्णय वैमानिकांनी उशिरा घेतला, ह्यामुळे हानीत भर पडली, असेही त्यात होते. ह्या निष्कर्षावर फेरविचाराची मागणी झाली आणि १९८६ मध्ये सुधारलेला अहवाल प्रसिद्ध झाला. घटनाक्रम तोच राहिला, काही शब्द बदलले. ‘परस्परविसंगत’ माहितीच्या जागी ‘दिशाभूल करणारी’ माहिती आली. ‘वैमानिकांचा उशिरा झालेला निर्णय’ ह्याच्या जागी, आगीचे स्वरूप ठरविण्यास व खाली जाण्याचा निर्णय करण्यास ‘लागलेला वेळ’ आला.

हा बदल वरवर पाहता सौजन्याचा वाटेल. परंतु पहिल्या रचनेत दोषाला कर्ता आहे, दुसरीत कर्ता नाहीसा झाला आहे व केवळ वेळ उरला आहे. ‘विसंगत’ माहिती मिळाली असता ती पडताळून पाहण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर येते. ‘दिशाभूल करणारी’ माहिती असल्यास भार बोलणाऱ्याकडे सरकतो. अशा रीतीने एका शब्दाने वैमानिकाची मुक्तता झाली खरी, पण तोच भार धुरात उभे राहून वायू सोडणाऱ्या विमानसेवकांवर गेला. हे न्याय्य झाले काय? त्यांना जे दिसले तेच त्यांनी सांगितले होते. वस्तुतः चूक कोणा एकाच्या बोलण्यात नव्हती. ‘धूर कमी होत आहे’ हे वाक्य कक्षात ‘आग विझत आहे’ ह्या अर्थाने ऐकले जाते, आणि तसे ऐकले जाऊ नये अशी कोणतीही तरतूद तेव्हाच्या नियमांत नव्हती. दोन्ही अहवालांत न आलेली ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. उपकरणांच्या बाबतीत मात्र ह्या अपघाताचा परिणाम लवकर झाला. स्वच्छतागृहांत धूर ओळखणारी यंत्रे, कचऱ्याच्या पेटीत आपोआप चालणारे अग्निशामक, आसनांवर आग रोखणारे आवरण आणि जमिनीलगत मार्ग दाखविणारे दिवे ही सर्व १९८० च्या दशकात आवश्यक ठरली.

वाक्यांचा क्रम बदलण्यास आणखी एक अपघात घडावा लागला. २ सप्टेंबर १९९८ च्या रात्री स्विसएअरचे एमडी-११ विमान न्यूयॉर्कहून जिनीव्हाकडे जात असता, अटलांटिक किनाऱ्याच्या वेळेप्रमाणे दहा वाजून दहा मिनिटांनी वैमानिकांच्या कक्षात वेगळाच वास आला. पुढे थोडा धूर दिसला. तो वातानुकूलन यंत्रणेतून येत असावा, असे वैमानिकांनी ठरविले. चार मिनिटांनंतर म्हणजे १०.१४ ला त्यांनी नियंत्रकास ‘पॅन, पॅन, पॅन’ असे कळविले. ‘मेडे’ आणि ‘पॅन’ हे दोन्ही शब्द मुळात फ्रेंच आहेत. पहिला, ‘मला साहाय्य करा’ अशा अर्थाच्या शब्दांवरून, १९२० च्या दशकात लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरील बिनतारी अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड ह्यांनी रूढ केला. दुसरा ‘बिघाड’ ह्या अर्थाच्या शब्दापासून आला. एक प्राणसंकट सांगतो, दुसरा निकड सांगतो पण प्राणसंकट नव्हे. दहा वाजून चोवीस मिनिटांनी वैमानिकांनी आणीबाणी जाहीर केली, आणि दहा एकतीसला नोव्हा स्कोशियातील पेगीज कोव्ह गावाजवळ विमान समुद्रात पडले. २२९ माणसे गेली.

मधल्या काळात वैमानिक निष्काळजी नव्हते. ते यादी वाचीत होते. त्यांच्यापाशी दोन याद्या होत्या. एक वातानुकूलनातून येणाऱ्या धुरासाठी, दुसरी ‘अज्ञात मूळ असलेल्या धुरा’साठी. म्हणजे कोणती यादी उघडावी हे ठरविण्यासाठी धुराचे नाव आधी ठरले पाहिजे. दुसरी यादी पूर्ण करण्यास वीस ते तीस मिनिटे लागत असत, असे कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळास आढळले. आणि जवळच्या विमानतळावर उतरावे हे वाक्य तिच्या अखेरीस होते. पहिल्या वासापासून अखेरपर्यंतचा सारा अवधी होता सुमारे एकवीस मिनिटांचा. शिवाय यादीप्रमाणे केबिनची वीज बंद केली की हवा फिरविणारे पंखे थांबत व छतामागील हवेची दिशा उलटून ती आग वैमानिकांच्या कक्षाकडे ओढली जाई. मंडळाचा अहवाल मार्च २००३ मध्ये आला. तारेतून उडालेली ठिणगी आणि छतामागील उष्णतारोधक पडद्यांचे ज्वालाग्राही आवरण ही आगीची मुळे त्यात दिली आहेत. त्याच अहवालाने हेही नमूद केले की वैमानिक लगेच खाली वळले असते तरी ते सुखरूप उतरू शकले नसते. तेव्हा ह्या अपघातावरून त्यांना दोष देणे अयोग्य होईल. परंतु त्यांच्या यादीची रचना चूक होती, हे ह्यामुळे खोटे ठरत नाही.

त्यानंतरचा बदल दोन टप्प्यांनी झाला. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन अॅडमिनिस्ट्रेशनने २००४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात, अज्ञात धूर म्हणजे आगच असे समजून वागावे आणि उतरण्याची तयारी ताबडतोब सुरू करावी, असे सांगितले. त्याच्या पुढच्या वर्षी विमानोत्पादक, विमान कंपन्या व वैमानिकांच्या संघटना ह्यांनी मिळून तयार केलेला एक आदर्श नमुना फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनने प्रसिद्ध केला. ह्या नमुन्यात निरनिराळ्या धुरांच्या निरनिराळ्या याद्या नाहीत. धूर, आग व दुर्गंधी वायू हे तिन्ही शब्द मधे तिरपी रेघ देऊन एकाच शीर्षकात बसविले आहेत. इतकी वर्षे संज्ञेच्या अचूकतेसाठी जो वेळ जात होता तो ह्या रेघेने परत मिळविला. मराठीत ‘फ्यूम’ ह्या शब्दास निश्चित प्रतिशब्द नाही. ‘वाफ’ म्हटल्यास घातकतेचा बोध होत नाही, ‘वायू’ अतिव्यापक आहे, आणि ‘उग्र दर्प’ म्हणजे केवळ वास. पण ह्या शीर्षकात तिन्ही शब्दांचे कार्य एकच असल्याने अनुवादकाची ही अडचण येथे फारशी जाणवत नाही.

ह्या यादीची पहिली ओळ, मार्ग बदलून जवळच्या विमानतळावर जावे लागू शकेल, अशी आहे. त्यानंतर मुखवटा, चष्मा आणि केबिनशी संपर्क. पुढे, मूळ लगेच सापडून विझले नाही तर यादी चालू असतानाच विमान वळवावे, असे वाक्य येते. ‘यादी संपल्यावर’ आणि ‘यादी चालू असतानाच’ ह्या दोन क्रियाविशेषणांतील अंतर १९९८ च्या यादीत आणि ह्या यादीत आहे. धूर असह्य झाला तर इतर सर्व सोडून तो बाहेर काढण्याच्या कृतींकडे वळावे, असेही यादी सांगते. त्या कृती शेवटी वेगळ्या दिल्या आहेत, म्हणजे हवा बदलून आगीला नवा प्राणवायू देण्याची घाई कोणी प्रथम करू नये.

ह्या पहिल्या ओळीत ‘जावे’ नसून ‘जावे लागू शकेल’ असे का म्हटले आहे, ह्याविषयी मतभेद संभवतात. विमानात येणारा धूर बहुधा भटारखान्यातील भट्टीत करपलेल्या अन्नाचा असतो. अशा प्रत्येक वेळी महासागरावरून परत फिरणे कोणत्याही कंपनीस मानवणार नाही, आणि रात्री, वादळात, अपरिचित धावपट्टीवर उतरणे हेही धोक्याचेच असते. म्हणून आज्ञार्थाऐवजी शक्यतावाचक क्रियापद ठेवले गेले, आणि निर्णय मुख्य वैमानिकाकडे राहिला. तो निर्णय उशिरा झाला की त्याला वेळ लागला, हे ठरविण्याचे काम अजूनही अहवाल लिहिणाऱ्यांकडेच आहे.